चौथ्या गोळीला अडणारं पिस्तूल

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी आबांचं नाव घेतो. आईला हे माहीत आहे आणि तिची त्याला हरकत नाही. आबा माझ्या नात्यातले नाहीत. ते तिकोणा पेठेचे, सैन्यात हत्यारांची दुरुस्ती करून निवृत्त झालेले. तुंगार्लीत आमचा नेमबाजीचा क्लब आहे, तिथल्या पिस्तुलांची आणि रायफलींची देखभाल बरीच वर्षं त्यांच्याकडे होती.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. लोणावळ्याच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो आणि वर्षभर पवनेच्या काठावर तंबूत राहायला येणाऱ्या पाहुण्यांची बुकिंग घेत बसलो. क्लबात लागलो तो रजिस्टर लिहायला. कोण आलं, कोणतं पिस्तूल घेतलं, किती गोळ्या दिल्या, किती रिकाम्या पुंगळ्या परत आल्या. आबांनी महिनाभर माझं काम पाहिलं आणि एक दिवस विचारलं, "फिजिक्समदी स्प्रिंग बी आसंल की?"

"आहे ना आबा. स्प्रिंगचा नियम पाठ आहे मला."

"पाठ हाय न्हवं? मग ये हितं. आता हातात धर."

तेव्हापासून मी त्यांच्या टेबलाशी बसू लागलो. आमच्याकडची बरीचशी पिस्तुलं पॉइंट टू टू बोअरची, अर्धस्वयंचलित. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझीनमधली पुढची गोळी ढकलून नळीच्या तोंडात बसवते. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे होतं. यातलं एक काम अर्धवट राहिलं की पिस्तूल अडतं.

अडलं की नवखा माणूस पहिल्यांदा स्लाइड खसकन ओढतो. आबांचा राग तिथेच. त्यांचा शिरस्ता असा, की नळी निशाणाकडेच ठेवायची, बोट चापावरून काढायचं आणि हात वर करायचा. मग आबा येणार, कमरेत वाकून नुसतं बघणार.

"हत्यार सोता सांगतंय काय झालं त्ये. तू वढलंस की त्येचं त्वांड बंद."

पुंगळी बाहेर पडायच्या दारात उभी अडकली असेल, तर स्लाइड पुरती मागे गेली नाही. मग गोळी कमजोर आहे का, आत काजळी साठली आहे का, धरणाऱ्याचं मनगट ढिलं आहे का, ते पाहायचं. नव्या गोळीचं नाक खाली टेकलं असेल, तर गोळी वेळेवर वर आली नाही, आणि संशय मॅगझीनवर. हे सगळं बघून, पिस्तूल रिकामं करून, रजिस्टरात एक ओळ लिहायची: कोणतं पिस्तूल, कोणता मॅगझीन, कितवी गोळी, कुठे अडली. या ओळीशिवाय आबा पान्याला हात लावत नसत. चार वर्षांत मी अशा शेकडो ओळी लिहिल्या, आणि मला आपल्याला हे काम येतं असं वाटायला लागलं. येतच होतं म्हणा.

मग आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे साताऱ्याला गेले. जाताना शस्त्रागाराच्या कामाची जबाबदारी माझ्याकडे आली, सेक्रेटरींच्या सहीनिशी. दसरा जवळ आला होता आणि दसऱ्यानंतर पंधरवड्याने राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. आमच्या क्लबातून एकच नाव जाणार होतं. त्या नावावर बहुतेक सगळ्यांचं एकमत होतं. बेगडेवाडीहून येणारी एक मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. वडील कंपनीत कामाला, स्वतःचं पिस्तूल घेण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून ती क्लबाचं पिस्तूल वापरायची. चार वर्षं तेच एक पिस्तूल. यंदाची संधी गेली तर पुढे नोकरी धरावी लागणार हे तिने घरी कबूल केलं होतं.

दसरा झाला आणि तिचं पिस्तूल अडायला लागलं.

पाच गोळ्यांच्या मालिकेत पहिल्या तीन व्यवस्थित जायच्या. चौथी किंवा पाचवी अडायची. मी वाकून पाहिलं. गोळीचं नाक खाली टेकलेलं. संशय मॅगझीनवर. त्या पिस्तुलाला दोन मॅगझीन होते. मी दुसरा लावून दिला. तोही चौथ्या गोळीला अडला. दोन्ही मॅगझीन एकाच वेळी कसे बिघडतील? म्हणून मी मॅगझीनवर काट मारली आणि पुढे गेलो. गोळ्यांचा दुसरा डबा फोडला. स्लाइडची स्प्रिंग बदलली. पुंगळी ओढणारा हूक काढून ब्रशने साफ केला. काही फरक नाही.

उरलं तिचं मनगट. मालिकेच्या शेवटी शेवटी ती दमते, मनगट सैल पडतं आणि धक्का वाया जातो, असं माझं फिजिक्स मला सांगू लागलं. मी तिला तसं सांगितलं.

"दादा, चार वर्षं हेच मनगट आहे," ती म्हणाली.

"म्हणूनच लक्षात आलं नसेल."

"आणि दसऱ्यालाच दमायला लागलं होय?"

मी हसून सोडून दिलं. तिची पकड बदलायला लावली. चार दिवसांत पिस्तूल तर अडतच राहिलं, वर तिचे गुणही घसरले. बदललेल्या पकडीने पहिल्या गोळ्याही भरकटू लागल्या. सेक्रेटरी जुने बँक अधिकारी, प्रत्येक गोष्ट लेखी मागणारे. त्यांनी अहवाल मागितला आणि मी लिहून दिला: हत्यार तपासले, दोष नाही, पकड अस्थिर. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग नाव बदलावं लागेल. परवा संध्याकाळपर्यंत पाठवायचंय. तुम्ही खात्रीने लिहिताय ना?"

"हो सर," मी म्हणालो. आणि मला खात्री होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरावाला आली. येणार नाही असं वाटलं होतं. नेहमीसारखी पहिल्या लोकलने आली, कानांवर मफ बसवले आणि माझ्याकडे न बघता जुन्याच पकडीने उभी राहिली. चौथी गोळी अडली. तिने हात वर केला. मी वाकलो. गोळीचं नाक खाली टेकलेलं, याआधीच्या सगळ्या वेळांसारखंच. मी रजिस्टरात ओळ लिहिली आणि वरच्या ओळी वाचल्या. नाक खाली. नाक खाली. नाक खाली. एकदाही पुंगळी दारात अडकलेली नव्हती. मनगट सैल असतं तर एखादी तरी अडकली असती. माझ्याच अक्षरातल्या तेरा ओळी माझ्या अहवालाच्या विरुद्ध बोलत होत्या.

कपाटात आबांनी वेगळा गुंडाळून ठेवलेला तिसरा मॅगझीन होता, त्याच बनावटीचा. तो आणला. पाच गेल्या. पुन्हा पाच. पुन्हा पाच. मफ काढून ती बाकावर बसली.

मी टेबलाशी जाऊन पहिला मॅगझीन घेतला, गोळ्या वर ढकलणारी पट्टी लाकडी काडीने दाबली आणि सोडली. ती ताडकन वर यायला हवी. ती झोपेतून उठल्यासारखी आली. स्प्रिंग पुरती दाबलेली असते तोवर तिच्यात जोर असतो, म्हणून पहिल्या तीन गोळ्या निभावतात. शेवटी जोर उतरतो आणि पट्टी रेंगाळते. माझा पाठ असलेला नियम. मॅगझीन उघडला. आतल्या भिंतींना पिवळ्या-लाल रंगाचा चिकट लेप होता. दुसऱ्यातही तसाच.

तेव्हा मला खंडेनवमी आठवली. आबांशिवाय माझ्या हातून पहिलीच शस्त्रपूजा. मी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आलो होतो. सगळी पिस्तुलं उघडून मांडली आणि मॅगझीन ओळीने उभे केले. आमच्या घरी विळ्याला आणि फाळाला वाहतात तसं हळदकुंकू वाहिलं, चिमटीने, प्रत्येकाला वरून. दुसऱ्या पिस्तुलांचे मॅगझीन झाकणाचे होते, ते बचावले. हिच्या पिस्तुलाचे वरून उघडे. त्यात पूजेआधी मी आतून भरपूर तेल सोडलं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात कशालाही गंज धरतो, म्हणून तेल सोडायचं हे हाताला लागलेलं असतं. मॅगझीन आतून कोरडा ठेवतात, हे आबांनी मला एकदा नव्हे, दहादा सांगितलं होतं.

मी दोन्ही उघडे मॅगझीन तिच्यापुढे नेऊन ठेवले आणि काय झालं ते सांगितलं. तिने बोटाने तो लेप पुसून पाहिला.

"म्हणजे पिस्तुलाचं हळदीकुंकू केलंत, आणि मनगटाला बोल लावलात."

"चूक माझी आहे. अहवाल मागे घेतो."

"आत्ता घ्या, दादा. त्यांची चहाची वेळ झाली की ते सही करत नाहीत."

मी तसाच सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी जुना अहवाल आणि मॅगझीन शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "लेखी द्या. कुणाची चूक तेही लिहा." मी लिहिलं. तिचं नाव त्याच संध्याकाळी गेलं. माझ्या जबाबदारीचं काय करायचं ते चाचणीनंतर ठरवू, असं ते म्हणाले, आणि मला ते योग्य वाटलं.

आबांना फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता. आयुष्य गोळीबाराच्या आवाजात गेल्याने त्यांना फोनवरचं ऐकूच येत नाही, ते सगळ्याला "व्हय, व्हय" म्हणतात. म्हणून चाचणीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना पत्र लिहिलं, मोठ्या अक्षरात.

"ती. आबांस, सा. न.

डोळ्याची पट्टी निघाली असेल तर हे स्वतः वाचा, लेकीला वाचायला लावू नका. यात माझी चूक आहे आणि ती तुम्ही आधी एकट्याने वाचावी असं मला वाटतं.

खंडेनवमीला मी दोन मॅगझीनमध्ये हळदकुंकू वाहिलं आणि त्याआधी आत तेल सोडलं. तुम्ही सांगितलेलं विसरलो होतो असं नाही. तुम्ही नव्हता म्हणून जरा जास्तच काळजी घ्यायला गेलो. मग चौथी गोळी अडू लागली, तर दोन्ही मॅगझीन सारखे अडतात म्हणून ते निर्दोष ठरवले आणि दोष त्या मुलीच्या मनगटाला दिला. तसं लिहूनही दिलं. दोन्ही माझ्याच हातातून गेले होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. रजिस्टर होतं म्हणून वाचलो. तेरा ओळींत गोळीचं नाक खाली होतं, आणि ते मीच लिहिलेलं होतं.

मॅगझीन रॉकेलने धुतले, पुसून कोरडे केले. पट्टी आता ताडकन वर येते. काल चाचणीत तिच्या साठही गोळ्या गेल्या, एकही अडली नाही. निवड झाली आहे. यादीत शेवटचं नाव तिचं आहे, पण आहे. तिने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे आणि माझी तक्रारही करणार आहे.

सेक्रेटरींनी शस्त्रागाराचं काम माझ्याकडेच ठेवलं, पण तुम्ही परत आल्यावर माझी परीक्षा घ्या असं ते म्हणाले आहेत. मी तयार आहे. मला हे काम येतं आबा, आणि आता आपलं कुठे चुकतं तेही कळतं. तुम्ही पूजा कशी करायचा, ते मात्र मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. पुढच्या वर्षी मला शेजारी उभं करा.

तुमचा"