जन्मतःच पिकलेलं घड्याळ

उस्तादांइतका उर्मट घड्याळजी मी दुसरा पाहिला नाही. अंबडच्या बसस्टँडसमोर त्यांची टपरी होती. काचेची एक पेटी, त्यांच्यापुरतं एक स्टूल. गिऱ्हाइकाने उभंच राहायचं. कुणी घड्याळाचं दुखणं सांगायला लागलं की ते म्हणायचे, "तुम्ही गप बसा, त्याला बोलू द्या," आणि घड्याळ कानाला लावायचे. वकील असो की तहसील कचेरीतला साहेब, सगळ्यांना हीच वागणूक.

घराणं मेंढपाळाचं. भाऊ कळप घेऊन रानोमाळ हिंडले, हे एकटे टपरीत बसले. "आमच्या बापाला कळपातलं हरेक मेंढरू तोंडावरून ओळखू यायचं," ते सांगत. "मला घड्याळं येतात. एकदा हातातून गेलेलं घड्याळ मी इसरत न्हाई." ही नुसती बढाई नव्हती. एकाने ऐटीत काढून दिलेलं घड्याळ बघून ते भर गर्दीत म्हणाले होते, "हे तुमचं न्हाई, तुमच्या मामाचं हाय. त्यांना इचारून आणलं का?" तो माणूस पुन्हा टपरीकडे फिरकला नाही.

अलीकडे जुन्या घाटाच्या नव्या घड्याळांची साथ आली, तेव्हा तर उस्तादांच्या जिभेला धारच चढली. दिवाळीला पुण्याहून आलेली मंडळी ती मिरवत टपरीवर यायची. बारकी तबकडी, फुगीर काच, कारखान्यातच पिवळे करून आणलेले आकडे. उस्ताद ते घड्याळ दोन बोटांत धरून लांबूनच बघायचे. "जवान माणसानं काठी टेकत हिंडावं, तसं हे. घरचं जुनं भंगारात घालून राह्यले अन् दुकानातून जुनं इकत आणून राह्यले. अक्कल बी अशीच मिळती का तिथं?" आम्ही कोर्टातले कारकून चहा पीत हसायचो. मला त्यांचं म्हणणं अगदी पटत होतं.

तरी मी तसलंच घड्याळ घेतलं. जालन्याच्या एका दुकानात जुनं द्या, नवं न्या अशी योजना होती. उस्तादांच्या हातातून कितीदा गेलेलं, आता बंद पडलेलं वडिलांचं घड्याळ मी घेऊन गेलो, तर काचेखाली हुबेहूब तसंच दिसलं. त्याच कंपनीने जुना नमुना पुन्हा काढला होता. विक्रेता म्हणाला, "सर, हातात एकदम खानदानी वाटतं." त्या एका शब्दावर मी भुललो. वडिलांनी जन्मभर हातावर वागवलेलं घड्याळ काउंटरवर सोडून मी खानदानी होऊन बाहेर पडलो. एवढा मूर्खपणा करायलाही शिकलेलाच माणूस लागतो.

पुढचं मात्र मूर्खपणाचं नव्हतं, नीचपणाचं होतं. उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय हे मला ठाऊक होतं. इतकी वर्षं त्यांनी सगळ्यांचा पाणउतारा केला, एकदा आपणही त्यांचा करावा, असं मनात आलं. सकाळी टपरीपुढे दोन वकील उभे असताना मी घड्याळ पुढे केलं. "उस्ताद, जरा मागं पडतंय."

त्यांनी ते हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. "तुझ्या बापाचं. किती दिसानं आणलं रे. पट्टा नवा टाकला व्हय?" मग वकिलांकडे वळून म्हणाले, "बघा साहेब, आकडे कसे पिकलेत. असा रंग मनगटावर उमर गेल्याबिगर चढत न्हाई."

इथे मी गप्प बसू शकलो असतो. पण म्हणालो, "उस्ताद, परवाच जालन्याहून घेतलंय. बिल आहे माझ्याकडे."

वकील खो खो हसले. उस्तादांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडून आत बराच वेळ पाहिलं, झाकण बंद केलं. "बराबर. नवंच हाय. मंग बापाचं कुठाय?"

"बदल्यात दिलं."

आता शिव्यांची लाखोली येणार म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्यांनी फडक्याने काच पुसली आणि घड्याळ माझ्या हातात दिलं.

त्यानंतर उस्ताद बदलले. गिऱ्हाइकाला बसायला स्वतःचं स्टूल देऊ लागले, मऊ बोलू लागले. म्हातारपणी माणूस निवळला, असं कोर्टात सगळे कौतुकाने म्हणायचे. मी त्यात मान हलवायचो.

गेल्या उन्हाळ्यात मी टपरीपाशी उभा असताना एक म्हातारी नवऱ्याचं घड्याळ घेऊन आली. काच तडकलेली, तबकडी खरोखरच पिकलेली. उस्तादांनी ते उलटंसुलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं आणि तिला हळूच विचारलं, "बाई, हे जुनंच हाय ना?"

"असं काय इचारता, उस्ताद? तीस साल तुम्हीच तर दुरुस्त करून राह्यलात."

"आसंल," उस्ताद म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगेन तेच खरं, अशा नजरेने.