कॅसेटमधला डॉक्टर

आमच्या शाहूपुरीतल्या गल्लीत गणपतीला सजीव देखावा असायचा. मंचावर जिवंत माणसं, पण संवाद आधीच कॅसेटवर भरलेले. आम्ही नुसते ओठ हलवायचे आणि हात असे फेकायचे की पार मागं उभ्या म्हातारीलाही कळावं, काहीतरी भयंकर चाललंय.

दोन हजार साल उलटल्यावर एकदा मंडळाला समाजप्रबोधनाची लहर आली. विषय ठरला, ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका’. मी रोगी झालो. खाटेवर पडून कण्हायचं, एवढंच काम. पण मी असा कण्हायचो की बायका पदर डोळ्याला लावायच्या. डॉक्टर होता माझा मित्र. गुळाच्या अडतीवर सौदे पुकारणारा, त्यामुळं आवाज चार गल्ल्या ओलांडणारा.

त्या संध्याकाळी त्याची दाढ ठणकत होती. खेळ सुरू व्हायला थोडाच वेळ उरलेला. तो उठला आणि तसाच, पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात शिरला. मागं मी, कपाळाला पट्टी बांधून.

“दाढंवर काय तरी जोरातलं द्या की.”

“चिठ्ठी हाय का?” दुकानदारानं डोळे मिचकावले.

“साक्षात डॉक्टर समोर उभा हाय, आणि चिठ्ठी कुणाची मागतायसा?”

सगळी गिऱ्हाइकं हसली. मी तर पट्टी सुटेपर्यंत हसलो. दुकानदारानं कात्रीनं पाकिटाचा एक तुकडा कापून दिला. मित्रानं त्यातली लाल-पिवळी कॅप्सूल तिथंच गिळली, रिकामा तुकडा गटारीत भिरकावला आणि आम्ही मंचाकडं पळालो.

पडदा उघडला. कॅसेटमधून त्याचा आवाज गरजला, “थांबा! चिठ्ठीशिवाय एक गोळीसुद्धा घेऊ नका!”

मला खाटेवरून त्याचं तोंड खालून दिसत होतं. ओठ आवाजाच्या मागं पडायला लागले. दाढ असेल, म्हटलं. मग ओठ जाड झाले, डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या, मानेवर लाल गांधी उठल्या. त्यानं दोन्ही हातांनी गळा धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“लेका, रोगी मी हाय,” मी दातांतून पुटपुटलो.

तो माझ्या अंगावर कोसळला. घशातून शिट्टीसारखा श्वास येत होता आणि वरून त्याचाच खणखणीत आवाज बजावत होता, “स्वतःच्या जिवाशी खेळ मांडू नका!” रोग्यानं उठून डॉक्टरला खांद्यावर घेतलेलं बघून गर्दी पोट धरून हसली. रिक्षात घालेपर्यंत लोक हसतच होते.

दवाखान्यात खऱ्या डॉक्टरांनी इंजेक्शन भरता भरता विचारलं, “काय घेतलं होतं यांनी?”

“कॅप्सूल. लाल-पिवळी.”

“अहो, नाव सांगा!”

मी दुकानाकडं धावलो. शटर अर्धं खाली आलेलं. रोज मला नावानं हाक मारणारा दुकानदार माझ्या पट्टीकडं बघत म्हणाला, “आमच्याकडनं काय गेलेलं न्हाय, पावणं.”

पावणं! बत्ती घेऊन मी गटारीत हात घातला. हाताला गुलाल लागला, चिखल लागला, तेवढा तुकडा लागला नाही.

मित्र वाचला. तो दवाखान्यात पडून असताना देखावा पुढं चालूच राहिला. कोट दुसऱ्याच्या अंगात, आवाज मात्र त्याचाच.

आता त्याला साधा ताप आला तरी नवा डॉक्टर विचारतो, “कुठल्या औषधाची ॲलर्जी?”

“हाय,” तो म्हणतो. “पण कुठल्याची, ते न्हाय ठाऊक.”

डॉक्टरांचं पेन तिथंच थांबतं. मग ते एकेक औषध मनात खोडत जातात. मित्र माझ्याकडं बघतो. मी अख्खा देखावा आजही संवादांसकट करून दाखवीन, पण मला त्या कॅप्सूलचे फक्त रंग आठवतात.