वाळूतला तरवड

धाकटीसारखं शिवणकाम अख्ख्या गल्लीत कुणाला जमत नाही, पण अंगणातल्या वाळूत लावलेली रानातल्या तरवडाची दोन रोपं तिच्या डोळ्यांदेखत कुजली. तिसरंही मान टाकायला लागलं, तशी ती सकाळीच खिडकीत दबा धरून बसली. बघते तर थोरला भाऊ बादली घेऊन हजर!

"दादा, रोज पाणी घालतोस?"

"मग? माझ्या बहिणीचं झाड तहानलेलं ठेवू होय?"

"अरे, त्याला कोरडंच मानवतं. तूच बुडवलीस ती दोन!"

दादाचं तोंड एवढंसं झालं. त्यानंतर त्याने रोपाला थेंबही दाखवला नाही. झुडूप तगलं, पिवळंधमक फुललं. आता दादा येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून सांगतो, "पाण्याशिवाय वाढवलंय आम्ही!"

त्या 'आम्ही'वर धाकटी खुदकन हसते आणि मशीन चालवत राहते.