आधी बघून येतो

वाळवंट पाहायला जाऊन स्वच्छतागृह पाहून परत येणारा माणूस अख्ख्या आखातात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा, याला काय म्हणायचं! माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा दुबईत सिलिकॉन ओएसिसला राहतो, तिथेच कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसतो, आणि हिवाळा लागला की जवळजवळ दर शनिवारी एकटाच गाडी घेऊन निघतो. कधी लिवाच्या वाळूच्या टेकड्या, कधी हत्ताचं धरण, कधी जबल हफीतचा घाट, कधी शारजाच्या बाजूचं एखादं वाळवंटी उद्यान. अमिरातीतला एकही देखणा रस्ता त्याने सोडलेला नाही. हल्ली एकट्याने भटकणाऱ्यांचं मोठं कौतुक असतं; ते म्हणे स्वतःच्या शोधात निघतात. आमचा साडू पार्किंगच्या शोधात निघतो. कुठे चाललास म्हणून विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "काही नाही दादा, फॅमिलीला न्यायचंय ना, आधी बघून येतो."

ही 'आधी बघून येण्याची' खोड जुनी आहे. मुलगी बघायला येण्याच्या आदल्या दिवशी तो एकटाच पुण्याला येऊन आमच्या सासुरवाडीचा जिना आणि चपला काढायची जागा बघून गेला होता, असं माझी बायको शपथेवर सांगते. मुलीची शाळा, दाताचा डॉक्टर, लग्नाचा हॉल, सगळीकडे हा आधी जाऊन आलेला. एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून एका हॉटेलात जेवायला जाणार होतो, तर हा आदल्या दिवशी एकटा जाऊन जेवून आला, आणि दुसऱ्या दिवशी भूक नाही म्हणून ताक पीत बसला. अशा माणसाच्या हाती देवाने वाळवंट दिलं, डोंगर दिले आणि शनिवार-रविवारची सुट्टी दिली!

तो गेला की कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो येऊ लागतात. लिवाच्या टेकड्यांवर सूर्य उगवताना बघून लोकांच्या तोंडून शब्द फुटत नाही म्हणतात. आमच्या ग्रुपवर आला तो हात धुवायच्या बेसिनचा फोटो. पाठोपाठ त्याचा आवाज, "वॉशरूम एकदम टॉप क्लास. साबण आहे, टिश्यू आहे, फ्लश चेक केला. पार्किंगपासून चालत जवळ. ताईंना पण काही प्रॉब्लेम येणार नाही." ताई म्हणजे माझी बायको. तिच्या पोटाची काळजी हा इतक्या लांबून, इतक्या लोकांसमोर वाहत होता. मग बाकांचे फोटो. एका उद्यानात त्याने म्हणे प्रत्येक बाकावर पाच-पाच मिनिटं बसून कुठल्या बाकावर सावली जास्त टिकते ते ठरवलं. "आणि समोर काय दिसतं?" मी विचारलं. "समोर वाळू आहे," तो म्हणाला. त्याची मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. ती मराठी समजते आणि इंग्रजीत उत्तर देते. तिने लिहिलं, "पप्पा, प्लीज स्टॉप पोस्टिंग टॉयलेट्स." याने त्यावर अंगठा दाखवला आणि पाण्याच्या नळाचा फोटो टाकला.

गाडीची तर वेगळीच कथा. वाळूत, दगडांत, कुठेही चालणारी दणकट गाडी त्याने हौसेने घेतली आणि तिच्या चाकाला आजतागायत वाळूचा कण लागू दिलेला नाही. डांबर संपलं की हा गाडी थांबवतो, चालत वाळूत जातो, थोडं उभं राहतो, चालत परत येतो आणि बूट झटकून गाडीत बसतो. आत थर्मासमध्ये चहा, डब्यात बायकोने दिलेल्या दशम्या, मागच्या सीटवर घडीच्या खुर्च्या. एकटा माणूस, चार खुर्च्या! असू देत म्हणतो, गाडीत किती मावतं ते कळतं.

हे असं वागणं कधीतरी अंगाशी येणारच होतं. एका उद्यानात हा हातात फोन घेऊन स्वच्छतागृहाच्या दाराशी घुटमळताना पाहून तिथल्या पहारेकऱ्याने त्याला हटकलं. "हबीबी, क्या प्रॉब्लम?" साडू म्हणाला, "नो प्रॉब्लम भाई, फॅमिली को लाना है, इसलिए चेक करता हूँ." पहारेकऱ्याने रिकाम्या गाडीकडे पाहिलं. "फॅमिली किधर है?" याने सांगितलं, "आएगा. इन्शाल्ला." हा किस्सा तो आम्हाला हसत सांगत होता. मी तर पोट धरून हसलो. त्याची बायको मात्र हसली नाही, उठून चहा टाकायला गेली.

कारण फॅमिली कधी गेलीच नव्हती. माझ्या मेहुणीला घाटात गाडी लागते. वळणाचं नाव काढलं तरी ती लिंबू शोधते. मुलीला आधी क्लास होते, मग परीक्षा, मग मैत्रिणी, आणि वाळूबद्दल तिचं मत ठाम होतं, "इट्स जस्ट सँड, पप्पा." एकेक हिवाळा गेला, ऊन चढलं, आणि याच्या तपासलेल्या बाकांवर दुसरेच लोक बसून गेले. मग गेल्या वर्षी मुलीला कॅनडात कॉलेज मिळालं. उन्हाळ्यात ती जाणार हे ठरलं, तेव्हा हा मला म्हणाला, "दादा, एवढा एक सीझन राहिला. ती जायच्या आधी एकदा सगळ्यांनी मिळून गेलो ना, की बस. खलास." आयुष्यभर आधी बघून ठेवलेलं सगळं फुकट जाणार, या कल्पनेने तो खरोखर घाबरला होता. पहिल्या ठरलेल्या शनिवारी धुकं पडलं. दुसऱ्यांदा मेहुणीला ताप आला. शेवटी फेब्रुवारी सरता सरता आम्ही निघालो. अबू धाबीत खलिफा सिटीला आमचं घर, तिथून आम्ही दोघं दुबईला पोचलो आणि मग सगळे त्याच्या गाडीत जबल जैसच्या डोंगरावर.

मेहुणीला त्रास होऊ नये म्हणून त्याने घाटात गाडी अशी चालवली, की चढावर एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि जाताना त्याने हात वर करून धीरही दिला. मुलीने लाजून डोकं खाली घातलं. "यल्ला पप्पा, फास्टर, ही'ज ऑन अ सायकल!" पण मेहुणीला गाडी लागली नाही. एकदाही नाही. कुठल्या वळणाआधी खिडकी उघडायची, कुठे पाणी द्यायचं, कुठे दोन मिनिटं थांबायचं, सगळं याला पाठ. वर पोचलो, तर त्याने सांगितलेल्या जागी सावली होती, सांगितलेल्या दिशेने वारा होता. मुलगी स्वच्छतागृहात जाऊन आली आणि म्हणाली, "ओके पप्पा. इट्स अ‍ॅक्चुअली क्लीन." पगारवाढ झाल्यावरही या माणसाचा चेहरा एवढा फुललेला मी पाहिला नव्हता. आम्ही खुर्च्या मांडल्या. त्या चारच, त्यामुळे मी पोरीच्या खुर्चीशेजारी कठड्यावर टेकलो. समोर डोंगरामागे डोंगर, खाली रस्त्याची वेटोळी, दूरवर धुरकट दरी. मेहुणी दशमीचा तुकडा हातात धरून म्हणाली, "अहो, एवढं सुंदर आहे हे सांगितलं का नाहीत कधी?" साडूने आपली खुर्ची उलटी ठेवली होती. डोंगराकडे पाठ करून तो आम्हाला बघत बसला होता, बायको-मुलीला जास्त. मला त्याची चेष्टा करायची होती, पण मी उठून थर्मासमधला चहा त्याच्यापुढे केला.

मुलगी ऑगस्टमध्ये गेली. कॅनडाला आधी जाऊन बघून येणं याला जमलं नाही. व्हिसाच वेळेत आला नाही. थंडी पडली, ग्रुपवर बेसिन नाही, बाक नाही. मग एका शनिवारी फोटो आला. नुसती वाळू. वाऱ्याने उमटवलेल्या लाटा आणि त्यांच्यावर कोवळं ऊन. सुरेख फोटो होता. बायको म्हणाली, "अय्या, किती छान काढलाय!" मला मात्र तो बघवेना. मी फोन लावला.

"वॉशरूम कसं आहे रे तिथलं?"

"बघितलं नाही दादा," तो म्हणाला. "आता कोणाला न्यायचंय? हिला तर आता वाळू बघितली तरी पोरीची आठवण येते."

माझं डोकं एरवी मुसफ्फ्यातल्या माझ्या वर्कशॉपबाहेर फारसं चालत नाही, पण त्या क्षणी चाललं. "अरे, बरं झालं मी फोन केला," मी म्हटलं. "जानेवारीत सासूबाई येताहेत पुण्याहून. त्यांना डोंगर दाखवायचाय."

"त्यांचे गुडघे?"

"तेच ना! पायऱ्या आहेत का, रेलिंग आहे का, मला काय कळतंय? तू जरा आधी बघून येशील का?"

"शनिवारीच जातो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा कंटाळवाणा झाला. "व्हीलचेअरचा रॅम्प पण चेक करतो. कमोडची हाइट पण बघायला लागेल."

सासूबाईंनी असं काही ठरवलेलं नाही. त्यांचा पासपोर्ट केव्हाच संपलाय आणि विमानाला त्यांचा तात्त्विक विरोध आहे. हे सगळं बायकोने मला कमरेवर हात ठेवून सांगितलं. पण शनिवारी सकाळीच ग्रुपवर फोटो आला, एका लोखंडी कठड्याचा. मागचा अख्खा डोंगर त्याने कापून टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'रेलिंग मजबूत आहे. हलवून बघितलं.' मी पुण्याला फोन लावला आणि सासूबाईंना विचारलं, पासपोर्टसाठी लागतात ते फोटो तुमच्याकडे आहेत का?