आडवं नेणं

आप्पा, म्हणजे माझे वडील, माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढताना स्टुलावरून पाठीवर पडले. पडले, उठले, माझ्याबरोबर रिक्षात बसून दवाखान्यात गेले, पाठीचा एक्स-रे फोटो काढला आणि घरी येऊन झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोटो मी मोठ्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला आणि मलाच विचारलं, "हे रिक्षात बसून आले होते?"

मणका मोडला होता. ऑपरेशनसाठी सुरतेला न्यायचं, पण सपाट निजवून. बसवायचं नाही, वाकवायचं नाही. हाड नसेवर सरकलं तर पाय जातील. "आत्ता हलतायत ना? मग हलतेच तिथं पोचवा," असं ते म्हणाले.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी सांगते, लाजत नाही. आप्पा धुळ्याकडून इथं गुजराती मुलखात सुताच्या कारखान्यात आले, माय सामरवरणीच्या या खोलीत पापड लाटत राहिली, आणि मी बी.एस्सी. करून कंपनीच्या लॅबमध्ये लागले. त्यामुळे काही अवघड आलं की घरात सगळे माझ्याकडे बघतात. सांगितलेलं मला नीट समजलं होतं. आता फक्त ते करायचं होतं.

अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला मी फोनवर म्हणाले, "पेशंट आडवा न्यायचाय."

"आडो छे?" तो म्हणाला. "तो बे माणस वधारे राखजो, बेन."

गुजरातीत आडो म्हणजे हट्टी, अडून बसणारा; म्हणून दोन माणसं जास्तीची ठेवा म्हणत होता. मी म्हटलं, नाही हो, झोपवून न्यायचाय. तो हसला. मीही हसले. त्या दिवशी मी तेवढंच हसले.

आमची खोली पहिल्या मजल्यावर. जिना लोखंडी आणि अरुंद. ड्रायव्हर स्ट्रेचर घेऊन आला. शेजारच्या दोघांनी आणि आम्ही मिळून चादरीसकट आप्पांना उचलून त्यावर ठेवलं. जिना उतरताना डोकं उंच राहायला हवं, म्हणून पाय दाराकडे. ड्रायव्हरनं छातीवर आणि मांडीवर पट्टे आवळले. खांद्यावरचे पट्टे तुटलेले होते, नुसत्या कड्या लोंबत होत्या. उचला म्हणाला, तेवढ्यात माय दारात आडवी आली.

"पाय पुढे नको," ती म्हणाली.

आमच्याकडे माणूस पाय पुढे करून घराबाहेर निघतो तो एकदाच, आणि तेव्हा त्याला ते कळत नसतं. मला हे माहीत होतं, पण त्या घाईत सुचलं नव्हतं. आप्पांनी मान उचलून आपल्या पायांकडे पाहिलं, मग दाराकडे. त्यांना कळलं.

"मी काय मरेल शे का?" ते म्हणाले. "माले फिरावा. नाही ते मी बसीसन जास."

"आप्पा, बसायचं नाही. आणि फिरवलं तर जिन्यावर डोकं खाली होईल. घसराल."

"तू गप बस. तुले कॉलेजमा हाई शिकाडं का?"

"हेच शिकवलं आप्पा. उतारावर वस्तू खाली घसरते."

"मी वस्तू नाही," ते म्हणाले, आणि कोपर टेकून उठायला लागले. पट्टा छातीत रुतला तरी उठत होते. त्यांना दाबून धरावं तर मणका, सोडावं तर मणका. मी माझे हात त्यांच्या खांद्यांजवळ नेले आणि तसेच हवेत ठेवले.

"बेन, मैं बोला था ना," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "पेशंट आडो छे."

माय त्याला म्हणाली, "फिरव रे भाऊ, पाया पडते तुझ्या." आणि खरंच वाकली. मग ड्रायव्हरनं आणि शेजारच्या दोघांनी आप्पांना फिरवलं.

डोकं पुढे करून आम्ही जिना उतरलो. पुढच्यांनी दांडे खांद्याच्या उंचीवर घेतले होते, तरी उतार राहिलाच. पट्टे माणसाला वर उठू देत नाहीत, पण डोक्याकडे सरकू नये म्हणून खांद्यावरून काहीतरी लागतं. ते नव्हतं, म्हणून मी दोन्ही तळहात त्यांच्या खांद्यांना लावून उलट्या पावलांनी उतरत होते. वळणावर ते इंचभर सरकले असतील. तोंडातून फक्त "हं" आलं. मी विचारलं, दुखलं का? ते म्हणाले, चाल.

गाडीत मायनं जुनं लुगडं घडी करून गुडघ्यांखाली दिलं, मी दोन्ही बाजूंना गोधड्यांच्या वळकट्या लावल्या. भिलाडपर्यंत कंपन्यांचे ट्रक आणि गतिरोधक. बसलेल्या माणसाला पुढचं दिसतं, तो अंग सावरतो. निजलेल्याला छत दिसतं, त्याला प्रत्येक गचका अचानकच येतो. म्हणून मी खाली गुडघ्यांवर बसून खिडकीतून बघत सांगत होते: आप्पा, आला. आप्पा, आता वळण. ते डोळे मिटून मान हलवायचे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, मधूनमधून पायाचं बोट धरून विचारा. मी अंगठा धरला. "कोणतं?"

"अंगठा."

पुढे करंगळी धरली. "करंगळी. किती इचारशी?"

हायवेवर गाडी गुळगुळीत चालायला लागली आणि मला बरं वाटलं. पारडीच्या पुढे कुठेतरी मी पुन्हा करंगळी धरली. "कोणतं?" मी विचारलं.

"धर ना," ते म्हणाले.

मी धरलेलीच होती. माय माझ्या हाताकडे बघत होती. मी ड्रायव्हरला म्हणाले, दादा, जोरात घ्या. मग म्हणाले, नको, हळू घ्या. त्यानं आरशात पाहिलं आणि होता तोच वेग ठेवला.

ऑपरेशन झालं. पाय काही परत आले नाहीत. कधी गेले, पडताना हाड सैल झालं तेव्हा, रिक्षात, जिन्यावर की गाडीत, हे मी तिथल्या डॉक्टरांना तीनदा विचारलं. त्यांनी तिन्ही वेळा सांगितलं, असं सांगता येत नाही.

माय रोज आंघोळीआधी त्यांच्या पायांना तेल लावते. एकदा लावता लावता, आप्पा झोपलेत असं बघून, तिनं मला विचारलं, "तू ते शिकेल शे. जिनावरच व्हयनं ना?"

मी म्हणाले, "नाही माय. पडले तेव्हाच झालं होतं."

पडल्यानंतर आप्पा स्वतःच्या पायांनी रिक्षापर्यंत चालत गेले होते. पुढे जाऊन रिक्षा थांबवून त्यांना चालत येताना बघत उभी होती ती मायच. ती म्हणाली, "हां." आणि दुसऱ्या पायाला तेल घेतलं.