तिचं पहिलं उत्तर

कुवेतच्या रिग्गई भागातल्या आमच्या पुनर्वसन केंद्रात मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. तिथल्या माझ्या पोलिश सहकारी बाईंनी तरुण मुलांच्या मोकळ्या वेळातल्या अनुभवांची एक प्रश्नावली स्वतःच्या भाषेत आणली होती. तीच मराठीत आणायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. इथे मराठी डॉक्टर, नर्सेस खंडीभर. पण त्यांच्या पोरांच्या मनात काय चालतं, हे कुणाला ठाऊक? माझ्या घरातलं मला सगळं ठाऊक आहे, याबद्दल मात्र मला काडीची शंका नव्हती.

पद्धत बाईंनीच शिकवली. भाषांतर झालं की आधी दोन-चार मुलांकडून भरून घ्यायचं. उत्तर विचित्र आलं, तर प्रश्न नीट उतरलेला नाही असं समजायचं. "प्रश्न दुरुस्त करायचा, मूल नाही," त्या म्हणायच्या. मला हे इतकं पटलं की मी ते कागदावर लिहून टेबलाशी चिकटवलं.

पहिलं मूल घरचंच, माझी सोळा वर्षांची लेक. 'मोकळ्या वेळात माझ्यासोबत माझं कुणीतरी असतं' या वाक्यापुढे तिनं 'कधीच नाही'वर खूण केली. मी हसलेच. दर शुक्रवारी चार वाजता हिला एगैला भागातल्या मॉलच्या दाराशी मीच सोडते. आत मैत्रिणी वाट बघत असतात, आठला मी घ्यायला जाते. इंग्रजी शाळेतली पोर, मराठी कच्चं, कळलं नसणार. मी वाक्य सोपं करून दिलं. पुन्हा 'कधीच नाही'. मग मी खाली उदाहरणच घातलं, मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये फिरणं. तिनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ओके," म्हणाली आणि 'नेहमी'वर खूण केली.

दुसऱ्या दिवशी बाईंना मी ही दुरुस्ती फुशारकीनं सांगितली. पहिले दोन कागद फाडून टाकले होते.

महिन्याभरानं एका शुक्रवारी ती मोबाईल गाडीत विसरली. बाहेर अंगाची लाही होत होती. चडफडत गाडी लावली आणि द्यायला आत गेले. वरच्या मजल्यावर, एका बंद दुकानासमोरच्या बाकावर ती एकटीच बसली होती. मांडीवर बॅग. समोरून तिच्या वर्गातल्या तिघी हसत गेल्या. माझ्या हातचे बटाटेवडे खाल्लेल्या पोरी, पण एकीनंही मान वळवली नाही. हिनं बॅगेची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

मला त्या पोरींचा संताप आला. तो फार टिकला नाही, कारण माझीच लाज वाटायला लागली होती. मी जाऊन तिच्या शेजारी बसले.

"कधीपासून?"

"लास्ट इयर."

"अगं, मग मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं ना, ममा. ट्वाइस. तू क्वेश्चनच चेंज केलास."

आवाजात राग नव्हता. मी तिचा हात धरायला गेले, तर तिनं माझ्या हातातून नुसता मोबाईल काढून घेतला.

"तू जा आता," ती म्हणाली. "आठला ये."

मी उठले, आणि आठला गेले.