आडवा तास

माझा मामा घड्याळं दुरुस्त करतो आणि आयुष्यात कुठेही वेळेवर पोचलेला नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. मामी अजून ऐकवते. त्याचं दुकान एका जिन्याखाली आहे. आत दोन माणसं शिरली की तिसऱ्याने रस्त्यावरच थांबायचं. भिंतभर घड्याळं आणि प्रत्येकात वेगळीच वेळ. गिऱ्हाईक गोंधळून विचारतं, "यातलं बरोबर कुठलं?" मामा डोळ्याला लावलेलं भिंग न काढता म्हणतो, "बसा हो. घाई काय आहे?" गावात सगळे त्याला घड्याळजी म्हणतात. माझी आई मात्र लहानपणापासून त्याला ढगोबा म्हणायची, कारण त्याचं लक्ष कायम वर.

म्हणायची असं म्हणते, कारण मधली कित्येक वर्षं ती त्याला काहीच म्हणत नव्हती.

आजोबा शेवटच्या आजारात होते तेव्हाची गोष्ट. आईने दुकानात निरोप धाडला, असशील तसा निघून ये. मामा निघाला. वाटेत गावाची मोठी बाग लागते, मध्ये पसरलेली हिरवळ. तिथे त्याचे पायच उचलेनात. तो गवतावर जाऊन आडवा झाला. "वर ढग चालले होते गं," त्याने मला पुढे कधीतरी सांगितलं, "वाटलं, मी इथून उठत नाही तोवर तिकडे काही होणार नाही." तो घरी पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. पाठीला गवताच्या काड्या चिकटलेल्या. आईने त्या काड्या पाहिल्या आणि भरल्या घरात म्हणाली, "आजपासून मला भाऊ नाही."

माझ्या आईची लाँड्री आहे. वाफेच्या इस्त्रीखाली तिने एकदा घडी घातली की ती मोडायची कुणाची टाप नाही. बोलण्याचंही तसंच. रस्त्यात मामा दिसला तर ती दुकानांच्या पाट्या वाचायला लागे. कुणी विचारलंच, तर "मला भाऊ नाही" हे ती इतक्या सहज सांगे की नव्या माणसाला ते खरंच वाटे. मी दोघांकडे जात-येत राहिले आणि दोघांकडे दुसऱ्याविषयी ब्र काढला नाही. नाही म्हणायला कधीकधी दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीत असं फार वाटे.

पुढे बागेतल्या मनोऱ्यावरचं घड्याळ बंद पडलं आणि मामाने ते चालू केलं. वेळ चुकीचीच लावली, पण चालू केलं. या कर्तबगारीवर नगरपालिकेने त्याला उद्यान आणि क्रीडा सल्लागार मंडळावर घेतलं. बाक कुठे टाकावा, पोहण्याचा वर्ग सकाळी घ्यावा की संध्याकाळी, कुत्र्यांना कुठल्या फाटकातून आत सोडावं, असले सल्ले हे मंडळ देतं. दुसरं कुणी डोकं घालायला तयार नसल्यामुळे ते बहुतेक मानलेही जातात. वाचनालयाच्या वरच्या दालनात बैठक भरते. खिडक्यांमधून सगळी हिरवळ दिसते. मामाने पहिल्याच दिवशी खिडकीसमोरची खुर्ची धरली आणि पुढे प्रत्येक बैठकीत मंडळाला त्याचा फक्त एक कान मिळाला.

एका बैठकीच्या अखेरीला तो अचानक म्हणाला, "माझा एक कार्यक्रम आहे. आठवड्यातून एक तास लोकांनी हिरवळीवर यावं आणि आडवं पडावं."

"आणि करायचं काय?" मंडळावरच्या दंतवैद्याने विचारलं. तो माणूस शिस्तीचा. तोंड उघडा म्हटलं की माणसाने उघडलंच पाहिजे, अशी त्याला सवय.

"वर बघायचं."

"शिकवणार कोण?"

"कोणी नाही."

"साहित्य काय लागेल?"

"आकाश आहे की," मामा म्हणाला.

तोवर सगळ्यांना भुका लागल्या होत्या, खुर्च्या सरकत होत्या. अध्यक्षबाई पूर्वी शाळेत कवायत शिकवत. त्यांना आडवं पडण्याची कल्पनाच सहन होण्यासारखी नव्हती, पण त्या पर्स शोधत होत्या. "कुणाचा विरोध?" असं त्यांनी पर्सलाच विचारलं. कुणाचाच नव्हता. फलकावर कार्यक्रमाचं नाव लागलं : आडवा तास.

आधी लोक हसले. मग एकेक जण यायला लागला. पोस्टमन आला, पाय वर करून झाडाला टेकवून पडला. बँकेतली बाई आली. ती म्हणे घरी आडवी पडली की कुणीतरी येऊन काहीतरी मागतंच. एक पोटुशी मुलगी कुशीवर पडून गवताशी गप्पा मारायची. दिवस कलायला लागायचा, ऊन पिवळं व्हायचं, आणि थोड्या वेळाने आपण खाली आहोत की वर हेच कळेनासं व्हायचं. जमीन हळूहळू चालते आहे आणि ढग उभे आहेत असं वाटायचं. तास संपला हे सांगायचं काम मामाचं होतं, म्हणजे तास कधी संपतच नसे. अंगाखालचं गवत गार झालं की लोक आपापले उठत, आणि गाढ झोपेतून जागं झाल्यासारखे एकमेकांकडे बघून हसत.

आणि एक दिवस आई म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय, पाठ सपाट जमिनीवर टेकवा."

"घरात जमीन नाही का?" मी विचारलं.

"तू जास्त बोलू नकोस. मी पाठीसाठी जाते, कुणासाठी नाही."

ती हिरवळीच्या पार पलीकडच्या टोकाला, निलगिरीखाली पडायची. मामा या टोकाला, पाण्याच्या नळापाशी. मध्ये सगळं गाव. मी आईशेजारी पडायचे आणि डोळे मिटल्याचं सोंग करून बघत राहायचे. लहानपणी ही दोघं गच्चीवर पडून ढगांची जनावरं ओळखायची, हे मला आजोबांकडून माहीत होतं. एखादा मोठा ढग निघाला की आईची मान हळूहळू त्याच्याबरोबर वळायची. मी कोपरावर उठून नळाकडे बघायचे. मामाचीही मान तितकीच वळलेली असायची. उठताना दोघं अंगावरचं गवत झटकत आणि वेगवेगळ्या फाटकांतून बाहेर पडत. त्या रात्री आई जेवताना गुणगुणायची, आणि मी विचारलं की म्हणायची, पाठीला आराम पडलाय.

वर्षानुवर्षं न बोललेली दोन माणसं आठवड्यातून एकदा अशी भेटत होती. याला मी भेटच म्हणते. त्यांच्याकडे दुसरी जागा नव्हती.

मग दंतवैद्याने हिरवळीवर जाळीबंद मैदान करायचं सुचवलं. चूक त्याचीही नव्हती. मुलांना खेळायला गावात धड जागा नाही. मंडळाचा नियम असा, की अशा वेळी चालू कार्यक्रमाच्या बाजूने एका तरी नागरिकाने उघड बैठकीत उभं राहून बोललं पाहिजे. कुणी बोललं तर कार्यक्रम राहतो. नाहीतर बंद.

"मी बोलते," मी मामाला म्हटलं.

"तू भाची. सभासदाच्या नातेवाइकाचं बोलणं धरत नाहीत."

"मग कुणाला तरी सांग ना! तुझा तास आहे!"

"येईल कुणीतरी," मामा भिंग पुसत म्हणाला. मी इतकी चिडले की चहा अर्धा टाकून निघाले. आडवं पडायची आवड असलेली माणसं उभं राहायला येणार होती थोडीच!

घरी आले तर आईने तिचे ठेवणीतले कपडे इस्त्रीच्या टेबलावर पसरलेले. "त्या बैठकीला मी जाणार आहे," ती म्हणाली.

"अगं, पण नियम आहे. नातं असलं तर –"

"माझं तिथे कोण आहे?" आईने इस्त्री दाबली. वाफ उसळली, तिचा चेहरा दिसेना. "माझं तिथे कुणीही नाही."

बैठकीच्या संध्याकाळी दालनाच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. ऊन तिरपं होऊन टेबलावर लोळत होतं, आणि खालच्या कापलेल्या गवताचा वास वर येत होता. ऐकायला आलेल्यांत मी होते, दोन-चार माणसं होती. बोलायला उभी राहिली ती एकटी आई. मामा खिडकीबाहेर बघत होता. तिचा आवाज ऐकला आणि त्याने मान वळवली. बैठकीत त्याचे दोन्ही कान मी पहिल्यांदाच कामाला लागलेले पाहिले.

"मला भाषण येत नाही," आई म्हणाली. "मी दिवसभर उभी असते. गावातले कितीतरी लोक दिवसभर उभेच असतात. त्यांना कुणी बसा म्हणत नाही, पडा तर नाहीच नाही. तिथे पडलं की कुणी विचारत नाही, काय झालं, बरं नाही का. मनात काय काय असतं माणसाच्या. उभ्याने ते खाली उतरत नाही. पडलं की उतरतं. तेवढं राहू द्या."

दंतवैद्यानेसुद्धा पेन खाली ठेवलं. माझा जीव भांड्यात पडला. तास वाचला होता.

"छान बोललात," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आता फक्त नेहमीचा प्रश्न राहिला. आज कुणाची पाळी? घड्याळजी, तुमची. विचारून टाका."

मामा उठला. मला वाटलं, हा आता खिडकीतूनच उडी मारतो. इतक्या वर्षांनी त्याला बहिणीशी पहिलं वाक्य बोलायचं होतं आणि ते नियमात लिहिलेलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "मंडळाच्या कुठल्या सभासदाशी तुमचं नातं आहे का?"

एक 'नाही' पुरेसं होतं. ते तिला पाठ होतं. इथे कुणी तिला खोटं पाडलंही नसतं, आणि पुढच्या आठवड्यात ती निलगिरीखाली, तो नळापाशी, सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. आईने तोंड उघडलं. मग तिने मामाकडे बघितलं. पाट्या वाचल्यासारखं नाही, सरळ त्याच्याकडे. त्याच्या पिकलेल्या केसांकडे, मग गळ्याकडे.

"आहे," ती म्हणाली. "हा माझा भाऊ. सख्खा, धाकटा. बघा कशी कॉलर चुरगळलीय त्याची. चारचौघांत असं यायचं असतं का रे, ढगोबा?"

मामाने हाताने कॉलर नीट करायचा प्रयत्न केला आणि त्याला रडू फुटलं. मलाही. अध्यक्षबाई बिचाऱ्या नियमांची चोपडी उलटसुलट करत राहिल्या, पण त्यात काही वाट नव्हती. नातेवाइकाचं बोलणं धरलं जात नाही. "दुसरं कुणी बोलणार आहे का?" त्यांनी विचारलं, थांबल्या, पुन्हा विचारलं. कुणी उठलं नाही. आई आणि मामा तोवर जिना उतरून गेलेही होते. आडवा तास बंद झाला.

हे त्यांना सांगायला मी खाली आले. पायऱ्यांवर नव्हते, फाटकात नव्हते. हिरवळीच्या मधोमध दिसले. ना नळापाशी, ना निलगिरीखाली. आईने ठेवणीतले कपडे चुरगळण्याची फिकीर सोडून दिली होती. वर एक लांबलचक ढग कडेने गुलाबी होत चालला होता, आणि दोघांच्या माना त्याच्याबरोबर वळत होत्या.

"बाबांनी विचारलं होतं, कुठाय तो," आई म्हणत होती. "मी सांगितलं, निघालाय, येतोय."

मामाने ढगावरची नजर काढून तिच्याकडे वळवली.

"येतच होतो गं, ताई," तो म्हणाला.

आईने हात लांब करून त्याच्या केसांतली गवताची काडी काढली. दोघांच्या मध्ये आता मला शिरायलाही जागा नव्हती, म्हणून मी आईच्या या अंगाला आडवी झाले. निकाल जिभेवर होता. म्हटलं, उठल्यावर सांगू.